आलू, गोभी, पालक

प्रेमबाईंना एका मिनिटात तीनच भाज्यांची नावे सांगता आली: आलू, गोभी, पालक. धावडा गावात त्यांचे किराणा दुकान होते आणि दुकानाच्या ओट्यावर त्या रोज परसातली भाजी मांडून विकत असत.

डॉ. आकांक्षाने निष्कर्ष बेताने मांडला. विसराळूपणाच्या आजाराची सुरुवात असू शकते. शब्द सुचणे वयाच्या मानाने कमी झालेले दिसते. गोळी सुरू करून पाहू. यातले ‘असू शकते’ तिने मुद्दाम सावकाश उच्चारले होते. मुलाने, जिनेंद्रने, नेमके तेवढेच सोडून बाकीचे ऐकले.

“मंग दुकान बंदच करतो, मॅडम. एकटी असते ती गावात. तिला जालन्यालाच आणतो, आमच्याकडं मस्तगडला.”

प्रेमबाईंना कोणी काही विचारले नाही. त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, ओढणीच्या पदराने पुसला, मुलाच्या हातात दिला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

दार अर्धवट लोटलेले राहिले. आकांक्षा गोळीचे नाव लिहू लागली. बाहेर भोकरदनकडची चतुराबाई डोकेदुखीसाठी नंबर लावून बसली होती. ओळखदेख नसताना तिने सरळ विचारले, “काय म्हणली डाक्टरीन?”

“भाज्या विचारल्या.”

“भाज्या? मंग आता भाजीवालीनं नाडी पाहावी का?”

“डोक्याची परीक्षा असती म्हणे. नापास झाले मी. तीनच सांगता आल्या. टीव्हीतल्या बाया तेवढ्याच करतेत ना! आता अंबाडीला, चुक्याला, तांदुळज्याला तिच्या भाषेत काय म्हणतेत, मला काय ठाऊक? घोळ, पाथरी, करडईचा कवळा पाला...”

“अन् माठ?”

“माठ तर ओट्यावर ठेवू देत न्हाईत लोक. टोपलीतूनच उचलतेत.”

आकांक्षाचे पेन थांबले. ‘तिच्या भाषेत.’

“आई घरी हिंदी बोलतात ना?” तिने जिनेंद्रला विचारले.

“हिंदी? न्हाई. घरात मारवाडी, गावात मराठी. हिंदी समजते तिला, पण बोलायचा कधी प्रसंगच आला न्हाई. का बरं?”

नियमाप्रमाणे तपासणीच्या वेळी मुलगा बाहेर होता. आत काय घडले ते फक्त आकांक्षाला माहीत होते. कागदावरचे नाव वाचून, ओढणी पाहून, तिने आवाज मऊ करून विचारले होते, “आजी, आपण हिंदीत बोलू या का? तुम्हाला सोपं जाईल.” असे विचारण्याची तिला सवय होती आणि त्या सवयीचा तिला थोडा अभिमानही होता. प्रेमबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिले होते. मग म्हणाल्या होत्या, “बोला की, बाई. जसं सोपं पडंल तसं.” आकांक्षाने ते वाक्य होकार म्हणून नोंदवले होते. तो पुरावाही होता, हे तिच्या ध्यानात आले नव्हते.

तिने जिनेंद्रला बाहेर पाठवले आणि प्रेमबाईंना पुन्हा आत बोलावले. भाज्यांचा प्रश्न आता बाद होता, कारण बाहेर त्याचा सराव झाला होता. तिने घड्याळ लावले आणि मराठीत विचारले, “आजी, प्राण्यांची नावं सांगा.”

प्रेमबाई गोठ्यापासून निघाल्या, शिवारात गेल्या, तिथून रानात शिरल्या. मिनिट संपले तरी त्या थांबल्या नाहीत.

“पुरे, आजी.”

“बस? अजून पाखरं राह्यलीत.”

आकांक्षाने घड्याळ बंद केले. “मघाशी हिंदी नको म्हणायचं होतं.”

“तुम्ही एवढ्या मायेनं विचारलं. मला वाटलं, तुमचीच अडचण हाय. दूरच्या असताल. मोठं शिकलेल्या माणसाला कसं म्हणावं, मराठीत बोला म्हणून?”

“मी बदनापूरची आहे, आजी.”

“बदनापूरची!” प्रेमबाई खळखळून हसल्या. “मंग एवढा वेळ कशापायी तरास करून घेऊन राह्यल्या?”

आकांक्षाला हसू आले नाही. दाराच्या फटीतून जिनेंद्र दिसत होता. किल्ल्या त्याच्या मुठीत होत्या आणि दुसऱ्या हाताने फोन धरून तो कोणाला तरी विचारत होता, दुकानातल्या मालाचे काय करायचे. तिने त्याला हाक मारली.

“फोन ठेवा. गोळी नको. दुकान बंद करू नका. त्या किल्ल्या आधी त्यांना द्या.”

“पण मघाशी तर तुम्हीच...”

“हो. मीच.”

तिने कागदावरचे गोळीचे नाव खोडले. त्याखाली ‘चाचणीची मर्यादा’ असे दोन शब्द लिहिले, वाचले आणि तेही खोडले. मग सरळ अक्षरात लिहिले: ‘शब्द सुचणे वयानुसार ठीक. पहिला निष्कर्ष चुकीचा. कारण: डॉक्टरने भाषा विचारली, उत्तर कोणत्या भाषेत आले ते ऐकले नाही.’