तीन नळ्या

पहिली नळी साडेदहाला सापडली. माल तपासणाऱ्या काकांनी ती दिव्यासमोर धरली, केसाएवढी चीर नखाने चाचपली आणि नळी लाल ट्रेमध्ये टाकली.

काचेपलीकडून एचआरच्या मॅडम बघत होत्या. एक झाली, त्या मनात म्हणाल्या.

कारखान्यात बसच्या ब्रेकच्या नळ्या बनत. बायको गेल्यापासून काकांचं कामात लक्ष नाही, अशी कुजबुज साहेबांच्या कानावर गेली होती. त्यांनी मॅडमना सरळ सांगितलं होतं, "नळ्या तपासायला ते आहेत, माणसं तपासायला तुम्ही. चिरलेल्या तीन नळ्या गुपचूप मालात मिसळा. एक जरी निसटली, तर म्हाताऱ्याला घरी बसवा."

मॅडमनी काल संध्याकाळीच तशा तीन नळ्या स्टोअरकीपरच्या हवाली केल्या. सकाळी मिसळ म्हणाल्या, आणि कुणाजवळ अवाक्षर काढू नकोस.

दुसरी बाराला सापडली.

जेवणाच्या सुट्टीत काका डबा उघडून नुसतेच बसले होते. मॅडम शेजारी जाऊन बसल्या.

"काका, जेवत का नाही?"

"जेवतो की. ती होती तेव्हा मीठ कमी पडलं म्हणून कटकट करायचो. आता स्वतःच रांधतो. खेकसायचं कुणावर?"

"थोडे दिवस आराम करावासा नाही वाटत?"

काकांनी चमकून पाहिलं. "घर खायला उठतं, मॅडम. इथून काढू नका मला."

काकांना कामावरून काढल्याचं पत्र मॅडमच्या खणात तयार होतं. फक्त तारीख घालायची बाकी होती.

चार वाजले. ट्रकवाला फाटकाशी हॉर्न वाजवू लागला. शेवटचं खोकं उरलं, तरी तिसरी नळी दिसेना. मॅडमचा जीव टांगणीला लागला.

काकांनी एक नळी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. दिव्यासमोर हळूहळू फिरवली. लाल ट्रेमध्ये टाकली.

मॅडम जवळजवळ धावतच आत गेल्या.

"ट्रक सोडू नका," काका म्हणाले. "एका दिवसात तीन चिरा? मशीनच बिघडलंय कुठेतरी. सगळा माल पुन्हा तपासायला हवा. मी सही करणार नाही."

मॅडमना हसू आवरेना. "अहो काका, त्या तिन्ही आम्हीच मिसळल्या होत्या! तुमची परीक्षा होती. पैकीच्या पैकी!"

काका बघतच राहिले. "म्हणजे दिवसभर तुम्ही मलाच तपासत होता होय?"

"रागावू नका. आता तुम्हाला कुणी हात लावणार नाही."

काका खुर्चीत टेकले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "चिरा मात्र अगदी खऱ्यासारख्या पाडल्यात हो," म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

ट्रक गेला. मॅडमनी खणातलं पत्र काढलं आणि फाडून टोपलीत टाकलं. कितीतरी दिवसांनी त्यांना आपल्या कामाचं बरं वाटलं.

तेवढ्यात स्टोअरकीपर धापा टाकत आला. त्याने हातातलं कागदी पुडकं टेबलावर ठेवलं.

"मॅडम, ओरडू नका. सकाळीच साहेबांनी बाहेर पिटाळलं, आत्ता परततोय. तुमच्या या तीन नळ्या मिसळायच्या राहूनच गेल्या. उद्या मिसळल्या तर चालेल?"