खुर्च्यांसाठी सपाट जागा

११ ऑक्टोबर २०१४, सकाळचे दहा, खुर्च्या चाळीस. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या वंशजांच्या संस्थेची आमची व्हर्जिनियातील शाखा कॅप्टन ब्रॅकेट यांच्या कबरीवर कांस्यफलक बसवणार होती. कॅप्टनच्या गुलामांच्या वंशज ओडेसाबाई निमंत्रणावरून आल्या आणि खुर्च्यांपाशीच थबकल्या. “विनिफ्रेडबाई, इथले दगड कुठे गेले हो?” “ते होय! जागा सपाट करताना ओढ्यात टाकले,” शाखाध्यक्षा हसल्या, “नाहीतर तुम्हीच अडखळला असता.” “तुमच्या कॅप्टनचा दगड बरा नाही आला वाटेत! अहो, त्या आमच्या सतरा कबरी होत्या. नाव कोरायची मुभा नव्हती. आम्ही दगडाच्या आकारावरून माणूस ओळखायचो. त्यात माझी पणजी होती.” फलक झाकलेलाच राहिला. अध्यक्षा रेशमी पोशाखानिशी ओढ्यात उतरल्या, मागोमाग आम्हीही. ओढा दगडांनीच भरलेला. दुपारपर्यंत तीनशे काढले. ओडेसाबाईंनी प्रत्येकावरून हात फिरवला. पणजीचा सापडला नाही. ओळखले गेले दोन.