आत्याची किंकाळी

आत्या नवव्यांदा मेली तेव्हा लिंबूने डोळ्यांवरचं एक बोट उचललं.

“शाब्बास!” ताईने मोबाइलवरचं दृश्य पुन्हा मागे नेलं. “आता दहावी खेप. रडली नाहीस तर अख्खं बिस्कीट.”

पडद्यावर मरत होती ती कुणी वेगळीच देखणी बाई. किंकाळी मात्र आत्याची होती. आत्या डबिंग करायची. नट्या दिसायला छान, पण त्यांना मेलं ओरडता म्हणून येत नाही, असं तिचं ठाम मत होतं. त्यामुळे कुणी कड्यावरून पडो की कुणाला सुरा लागो, स्टुडिओतून फोन आत्यालाच यायचा. बारा वर्षं ती अशी पोटापाण्यासाठी मरत होती आणि घरी येऊन मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होती. तिचं नाव आजवर एकाही सिनेमात झळकलं नव्हतं. या शनिवारी पहिल्यांदा झळकणार होतं, अगदी शेवटी, नावांच्या यादीत. अख्खं घर ते बघायला जाणार होतं.

अडचण एकच. चार वर्षांची लिंबू. रडायला लागली की लिंबू चोखल्यासारखं तोंड करायची, म्हणून लिंबू. मागच्या वेळी थिएटरात किंकाळी ऐकताच ती खुर्चीवर उभी राहून गरजली होती, “ए! माझ्या आत्याला सोड!” मग असं भोकाड पसरलं की मध्यंतराआधीच सगळ्यांना गाशा गुंडाळावा लागला.

म्हणून ताईने हे काम अंगावर घेतलं होतं. ताई नववीत होती. आपल्याला न जमणारं जगात काही नाही, अशी तिची अलीकडेच खात्री पटली होती.

“हे काय असतं, लिंबू?”

“खोटं असतं ते.”

“त्या बाईला काय झालंय?”

“काही नाही.”

“मग आपण काय करायचं?”

“बिस्कीट खायचं.”

दहाव्या खेपेला सुरा आला, किंकाळी आली, लिंबूची पापणीसुद्धा लवली नाही. ताईने तिला उचलून खोलीभर नाचवलं. दोन दिवसांत! शाळेतल्या बाईंनाही जमलं नसतं.

शुक्रवारी ताई शाळेतून आली आणि केस धुवायला गेली. डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर येते तो काय, कपाटापाशी स्टूल आडवं आणि त्याच्या शेजारी आत्या. चेहरा पांढराफटक. पाय भलतीकडेच वळलेला. तिच्यासमोर लिंबू मांडी घालून बसली होती आणि अर्धं बिस्कीट तिच्या तोंडाशी धरत होती.

“अगं, हाक नाही का मारायचीस!” ताई किंचाळलीच.

“मारल्या की.” आत्या कण्हत म्हणाली. “तुझा नळ चालू होता. हिला म्हटलं, जा, ताईला बोलाव...”

“ती तीनदा ओरडली,” लिंबूने मोठ्या अभिमानाने सांगितलं. “मी एकदाही रडले नाही!”

आणि बक्षिसासाठी तिने हात पुढे केला.

ताईच्या टॉवेलमधून पाणी ठिबकत राहिलं.

संध्याकाळी आत्या घरी आली ती गुडघ्यापर्यंत प्लास्टर घेऊनच. लिंबूने त्यावर बोटाने टकटक केलं.

“दुखतंय?”

“खूप,” आत्या म्हणाली. आत्या खोटं बोलायची ती फक्त माइकसमोर.

लिंबूने प्लास्टरवर हळूच फुंकर घातली. मग ताईकडे वळली. “आणि त्या बाईला?”

ताईने तोंड उघडलं. उत्तर पाठ होतं, तिनेच तर शिकवलं होतं. पण तिची नजर प्लास्टरवर गेली.

“गोष्टीतल्या बाईला दुखलं, लिंबू,” ती शेवटी म्हणाली. “खूप दुखलं.”

“उद्या तू घरीच थांब,” डॉक्टरांनी बजावलं होतं तसं सगळ्यांनी आत्याला बजावलं. पण आत्या ऐकते कसली! शनिवारी ती कुबडी घेऊन थिएटरात हजर. कडेच्या खुर्चीवर बसली, प्लास्टरचा पाय वाटेत पसरून.

मध्यंतराला पाच मिनिटं असताना देखणी बाई अंधाऱ्या जिन्यात शिरली. ताईने खुर्चीचा हात घट्ट धरला. सुरा आला. किंकाळी आली. पुढच्या रांगेत कुणीतरी पॉपकॉर्नचा पुडा खुळखुळवला. मागे कुणी खुदकन हसलं.

लिंबूचं तोंड हळूहळू आंबट झालं. ती खुर्चीवर उभी राहिली.

“ए! त्या बाईला सोड! तिला दुखतंय!”

आणि तिने भोकाड पसरलं. चहूकडून “शू... शू...” सुरू झालं. बाबांचा हात सवयीने तिच्या तोंडाकडे गेला, पण आत्याने तो मधेच अडवला. कुबडी तिने कधीच बगलेत धरली होती.

“चला बाहेर,” ती म्हणाली.

“पण आत्या, तुझं नाव!” ताई कुजबुजली. “शेवटी येणारे ना!”

“माझं नाव मला पाठ आहे गं,” आत्या म्हणाली. “हिला आधी पोटभर रडू दे.”