तिसरे ताट

शुक्रवारच्या संध्याकाळच्या जेवणालाही तिसरे ताट मांडलेले होते. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, रुमालाची नेटकी घडी. इम्केने त्याच्याकडे पाहणे टाळले आणि आपले हात टेबलाखाली घेतले. बोटे अजून नीट वळत नव्हती.

सात दिवस दोन माणसांचे काम तिने एकटीने ओढले होते. सकाळी लेकीचे, मेर्लेचे, पाय स्कीच्या ताठर बुटांत कोंबायचे, दोघींच्या स्की खांद्यावर घेऊन उताराच्या पायथ्याशी जायचे, परतल्यावर ओले हातमोजे वाळत घालायचे. आज दुपारी लहान मुलांची शर्यत झाली. मेर्ले शेवटून दुसरी आली. पदक सगळ्यांनाच मिळते, तसे तिलाही मिळाले, आणि ते गळ्यात घालूनच ती आता सूपमधला पावाचा गोळा चमच्याने दुभंगत होती.

गेल्या शनिवारी आल्या-आल्या दारातच बुर्गीने, या निवासाच्या मालकिणीने, विचारले होते, "होल्गर कुठाय?"

"बुधवारी येईल. रेल्वेनं. काम आहे त्याला," इम्के म्हणून गेली होती.

बुर्गीने गाडीच्या टपावर बांधलेल्या स्कींकडे एकदा पाहिले होते. दोनच जोड होते. मग तिने सात नंबरची किल्ली पुढे केली होती.

होल्गर, इम्केचा नवरा, नोव्हेंबरातच घर सोडून गेला होता. पण खोली क्रमांक सात तीन खाटांची. शाळांच्या सुटीत ती दोघांना द्यायची नाही, हा बुर्गीचा नियम. आणि त्या खोलीसाठी ताटकळत असलेली अकरा कुटुंबे. त्याच खोलीच्या दाराच्या चौकटीवर दर हिवाळ्यात बुर्गी मेर्लेच्या उंचीची रेघ मारते. आठ रेघा झाल्या होत्या. घर विकायला काढले, त्या दिवशी मुलीने एवढेच विचारले होते, "सात नंबर तरी राहील ना?"

बुधवार आला आणि गेला. ताट मात्र येत राहिले. बुर्गी ते तसेच कोरे उचलून नेई आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा मांडी.

"काय गं इम्के," शेजारच्या टेबलावरून एबरहार्ट म्हणाला. तोही दर वर्षी याच आठवड्यात येणारा जुना पाहुणा. "नवरा कुठल्या कड्याखाली पुरलास? सांग बाई, उद्या जाताना दोन फुलं ठेवून जातो."

"गप रे मेल्या," त्याची बायको म्हणाली. "सूप निवतंय तुझं."

"रस्त्यात असेल," इम्के म्हणाली.

मेर्लेचा चमचा थांबला. तिने आईकडे पाहिले आणि मग चमचा पुन्हा गोळ्यात खुपसला. या आठवड्यात आईच्या प्रत्येक खोट्याला ती अशीच एक घास थांबली होती.

तेवढ्यात बुर्गीने पेल्यावर सुरी वाजवली. न चुकता येणाऱ्या पाहुण्यांचा सत्कार शुक्रवारीच व्हायचा. गावाच्या कार्यालयातून त्यासाठी छातीवर लावायच्या चांदीच्या पिना उन्हाळ्यातच मागवून ठेवाव्या लागत.

"पंधरा वर्षं," बुर्गी म्हणाली. "एकही हिवाळा चुकवला नाही. आधी दोघं, मग तिघं. पहिल्या वर्षी हिनं घसरत येऊन माझं कुंपण मोडलं, ते अजून तसंच आहे. ये गं पुढे."

मानपत्रावर दोन नावे होती. डबीत दोन पिना होत्या. एक इम्केच्या स्वेटरवर लागली. दुसरी बुर्गीच्या चिमटीत राहिली.

"टपालानं पाठव त्याची," एबरहार्ट म्हणाला. लोक हसले.

मी नेऊन देईन, एवढेच म्हणायचे होते. पण एवढेही ओझे आणखी एक चढण वर नेण्याचे त्राण इम्केत उरले नव्हते.

"तो येणार नाही," ती म्हणाली. "बुधवारीसुद्धा येणार नव्हता. आता आम्ही दोघीच आहोत, बुर्गी."

एबरहार्टने मान खाली घातली. काचेबाहेर उतारावरून बर्फ सारखे करणाऱ्या यंत्राचा दिवा हळूहळू वर चढत होता.

"पण मी आडवी झोपते, बुर्गीमावशी," मेर्ले जागेवरूनच घाईघाईने म्हणाली. "दोन खाटा लागतात मला. खरंच. आईला विचार."

बुर्गी मेर्लेजवळ गेली, खाली वाकली आणि दुसरी पिन तिच्या पदकाच्या फितीला लावली. मग एप्रनच्या खिशातून तिने एक घडी केलेला कागद काढला. पुढच्या वर्षीच्या खोलीचा असा कागद शुक्रवारी प्रत्येक जुन्या पाहुण्याच्या हाती पडे.

"उद्या सकाळी माझी धांदल असते," ती इम्केला म्हणाली. "आत्ताच सही करून ठेव. आणि तू गं आडवी, जेवण झालं की वर चल. रेघ राहिलीय तुझी."

जाता-जाता तिने तिसरे ताट उचलले, कुणीतरी पोटभर जेवून उठल्यासारखे, आणि ती स्वयंपाकघरात गेली.

इम्केने कागद उलगडला. खोली क्रमांक सात. फेब्रुवारी, दुसरा आठवडा. माणसे: दोन. शाई कधीचीच वाळलेली होती. खाली बुर्गीच्या ठसठशीत अक्षरात तारीख होती.

गेल्या शनिवारची.