ट्रान्सफॉर्मरपुढची रिकामी जागा

"हे पिवळं काय आहे?" मालकांनी पडद्याकडे बोट केलं.

"रिकामी जागा," आराखडा करणारी मुलगी म्हणाली.

आपल्या होऊ घातलेल्या इमारतीचं तळघर मालक आज पहिल्यांदाच संगणकावर आतून बघत होते आणि स्वारी भलतीच खुशीत होती. रस्त्यावरून येणारी जास्त दाबाची वीज घरात वापरण्याजोगी करणारा ट्रान्सफॉर्मर तर मुलीने असा काढला होता, की त्याच्या दाराची कडीसुद्धा दिसावी. त्याच्यापुढे ही काचेसारखी पिवळी पेटी.

"रिकामी जागा काढावी लागते होय? मला वाटलं, ती आपोआप उरते!"

सगळे हसले. मालक विनोद करतात तेव्हा हसायचं असतं. मागच्या खुर्चीतले म्हातारे तेवढे हसले नाहीत. ते मुलीचे वडील, पूर्वी वीज खात्यात होते म्हणे. लेकीचं पहिलं स्वतंत्र काम बघायला आले होते आणि गारठलेल्या त्या खोलीत शाल गळ्यापासून लपेटून ताठ बसले होते. मघाशी मालकांनी आपणहून कार्ड पुढे केलं, तर म्हणाले, "तिच्याकडे द्या." समोरचा चहाही तसाच निवत होता. मालकांच्या नाकावर राग कायम तयार असे, पण आज दिवस चांगला होता. त्यांनी तो गिळला.

"ही जागा मी ट्रान्सफॉर्मरलाच जोडली आहे," मुलगी सांगत होती. "तो हलवला की तीही हलते. तिच्यात काही ठेवलं की लाल होते."

"पण तिथे मला सामानाची कपाटं हवीत."

तिने एक कपाट ओढून तिथे ठेवलं. पिवळं लालभडक झालं.

"मग पेटीच पुसून टाका. ना रहेगा बांस!"

"पुसते ती," मुलीचे साहेब घाईने म्हणाले. "अगं, ऐक. हे काम गेलं तर तुलाही दुसरी नोकरी शोधावी लागेल."

"नाही पुसणार." तिचा आवाज चढला नाही. "दार उघडून काम करणाऱ्याला मागे सरता आलं पाहिजे. आत काही उडालं आणि पाठीशी कपाट असलं, तर तो जाईल कुठे?"

"शाब्बास!" मागून म्हातारे बोलले. त्यांचा चेहरा नुसता उजळला होता.

बाकीचे मजले तिने झरझर दाखवले. शेवटी टाळ्या पडल्या. मालकांनीही वाजवल्या, इमारत त्यांचीच होती ना. म्हातारे मात्र ढिम्म. स्वतःच्या लेकीसाठी एक टाळी नाही!

मालक उठून त्यांच्यापाशी गेले. "काका, मुलगी हुशार आहे, पण हट्टी. जरा समजवा तिला." त्यांनी हात पुढे केला.

"हट्टी आहेच," म्हातारे अभिमानाने म्हणाले. "या हट्टाचंच मला फार कौतुक आहे." हात मात्र त्यांनी घेतला नाही.

एवढा माज? मालकांचा पारा चढला. "ऐका सगळे! उद्या ती पेटी पुसलेली दिसली नाही, तर मी दुसरं ऑफिस बघतो."

मुलीने संगणक तसाच सोडला आणि ती वडिलांजवळ आली.

"बाबा, चहा गार झाला की हो तुमचा."

तिने कप उचलला आणि त्यांच्या ओठांना लावला. ते घोट घ्यायला पुढे वाकले, तशी शाल खांद्यावरून घसरली. शर्टाच्या दोन्ही बाह्या कोपराशी दुमडून पिनांनी नीट बंद केलेल्या होत्या.

मालकांचा हात अजून पुढेच होता. त्यांनी तो हळूच मागे घेतला.

"ती पेटी," ते म्हणाले, "जरा आणखी मोठी करता येईल?"