बोजड ठेवलेलं पान
मोबाइलवरून शेतपंप चालवणाऱ्या यंत्राची ऑनलाइन माहिती शेतकऱ्यांना समजेल अशी लिहिली, की अनघाची नोकरी कायम होणार होती. पण माहिती समजली, की मदतीसाठी येणारे फोन थांबणार, आणि ते घेणाऱ्या मैत्रिणीला, राजेश्वरीला, तळेगावच्या ऑफिसात काम उरणार नव्हतं. हिशेबाला पक्क्या अनघानं मधला मार्ग काढला: बाकी सोपं, शेवटचं पान तेवढं मुद्दाम बोजड. राजेश्वरी ते वाचून हसली. “‘उपकरण पुनःप्रारंभित करा’? अगं, आंबी गावचे आबा हितंच अडकतील!” “अडकू देत. तुला फोन करतील.” “व्हय, आणि फोन लागेस्तोवर ऊस वाळंल त्यांचा.” कीबोर्ड ओढून तिनं स्वतःच लिहिलं: ‘हिरवा दिवा लागेपर्यंत लाल बटण दाबून धरा.’ महिनाभरात फोन थांबले. आबांचा ऊस भिजला, अनघा कायम झाली आणि राजेश्वरीनं वायर नीट गुंडाळून हेडफोन जमा केला.