पडताळणीचा नंबर

“ताई, तक्रार फेटाळलीय,” म्हणत बँकेतल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. क्रेडिट रिपोर्टमध्ये माझ्या नावापुढे अजूनही ‘मयत’ असंच होतं.

आईच्या शिलाई मशीनसाठी आम्ही दोघींनी मिळून कर्ज काढलं होतं. ती गेल्यावर मी तिचा मृत्यूचा दाखला दिला, तो कुणीतरी चुकून माझ्या नावावर चढवला. ती नोंद निघाल्याशिवाय मला घरासाठी कर्ज मिळणार नव्हतं.

“अहो, मी तुमच्यासमोर बसलेय.”

“मला दिसतंय हो. पण पडताळणीचा फोन खात्यावरच्या नंबरवर जातो. मीच केला होता. एका बाईंनी उचलला.”

तो नंबर आईचा. ती गेल्यापासून तिचा फोन माझ्या कपाटात बंद पडून आहे.

“काय म्हणाली?”

बाईंनी आवाज खाली आणला. “म्हणाल्या, ‘माझी पोर गेलीय, आता कसली चौकशी करता?’ मागे मशीन चालू होतं. बोलता बोलता त्यांनी दातानं दोरा तोडला, तेही ऐकू आलं.”

आई कात्री जवळ असली तरी दोरा दातानंच तोडायची.

“तब्येतीनं बरी वाटली?”

बाईंनी नवा अर्ज उघडला. “या वेळी पडताळणीला तुमचाच नंबर देते. आठवड्यात नोंद निघेल.”

“नको. तोच राहू दे.”

“अहो, मग घराचं कर्ज अडकेल.”

“अडकू दे. फक्त तिला सांगा, मी बरी आहे.”